पाटी कुणाची? वेल्लोरच्या मिशन कॉलेजचं प्रकरण

मागच्या डिसेंबरात आमच्या तालुक्याच्या गावी एकाच शनिवारी दोन नेत्रशिबिरं भरली. दोन्ही ख्रिस्ती संस्थांची. एक एसटी स्टँडच्या अलीकडे शाळेच्या पटांगणात, दुसरं पलीकडच्या मंगल कार्यालयात. दोन्हीकडे फलकावर येशूचं वचन, दोन्हीकडे चहा-पोहे, आणि दोन्ही कमिट्यांनी गळ घातलेली एकाच नेत्रतज्ज्ञांना. डॉक्टर अर्थातच एकीकडेच आले. दुसरीकडे आलेली म्हातारी माणसं दुपारी दोनपर्यंत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून राहिली आणि मग आपापल्या वाडीला परत गेली. संध्याकाळी दोन्ही संस्थांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आले, खाली ‘प्रभूची स्तुती असो’. त्यातल्या एका कमिटीवर मी आहे. डॉक्टर आमच्याकडे आले होते आणि त्याचा मला त्या दिवशी चक्क आनंद झाला, हेही सांगून टाकतो.

या आनंदाची लाज वाटायला दोन दिवस लागले. मग तामिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं प्रकरण पुन्हा काढून वाचलं. ख्रिस्ती संस्थांनी एकत्र यावं यावर आपल्याकडे प्रवचनांना तोटा नाही. ‘ते सर्व एक व्हावेत’ ही येशूची प्रार्थना असलेला योहानाचा सतरावा अध्याय पाळकसाहेबांना तोंडपाठ असतो. पण एकत्र यायचं म्हणजे व्यवहारात नेमकं कुणी काय सोडायचं, हे कुणी सांगत नाही. वेल्लोरमध्ये ते दिसतं.

कंपाउंडाचं राजकारण

आधी थोडी पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकात प्रोटेस्टंट मिशनांनी भारतात मुलूख वाटून घेतले होते. नगर अमेरिकन मराठी मिशनचं, कोल्हापूर-सांगलीकडचा भाग अमेरिकन प्रेस्बिटेरियनांचा, नागपूर स्कॉटिश मिशनचं. एकाच्या क्षेत्रात दुसऱ्याने जायचं नाही, असा साधारण रिवाज. तो सगळ्यांनी पाळला असं नाही. नगर जिल्ह्यात एसपीजी ही अँग्लिकनांची मिशन संस्था आली तेव्हा कुरबुरी झाल्याच. आजही मराठी ख्रिस्ती माणसाचं गाव कळलं की त्याच्या आजोबांचा पंथ ओळखता येतो, तो या वाटणीमुळे.

या व्यवस्थेला पुष्कळ जण सहकार्य म्हणतात. मला ते पटत नाही. ही बांधावरची समजूत आहे: तू माझ्या शेतात येऊ नकोस, मी तुझ्या येणार नाही. त्याने भांडण टळतं, पण विहीर कुणीच खोदत नाही. तामिळ मुलखातलं अर्काट हे असंच एका मिशनचं, अमेरिकेतल्या रिफॉर्म्ड चर्चचं, क्षेत्र. वेल्लोर त्यातलं एक गाव आणि स्कडर हे त्या मिशनचं जणू वतनदार घराणं. आजोबा डॉ. जॉन स्कडर हे अमेरिकेतून हिंदुस्थानात आलेले पहिले वैद्यकीय मिशनरी. त्यांचे मुलगे, नातू, एकामागून एक मिशनमध्येच.

नात आयडा १८७० साली राणीपेटला जन्मली. तिंडिवनमला एका रात्री तीन घरांतून तीन पुरुष आले, तिघांच्याही बायका अडलेल्या, आणि पुरुष डॉक्टर कुणालाच चालेना. आयडा तेव्हा डॉक्टर नव्हती. सकाळपर्यंत तिघी गेल्या. ही गोष्ट रविवारच्या शाळेत इतक्यांदा ऐकवली जाते की तिच्यापुढचं कुणी ऐकतच नाही. माझ्या कामाचं आहे ते पुढचंच. आयडाबाई कॉर्नेलहून १८९९ साली डॉक्टर झाल्या, परत आल्या, एका खाटेच्या खोलीत दवाखाना मांडला. न्यूयॉर्कच्या शेल नावाच्या बँकरने बायकोच्या स्मरणार्थ दिलेल्या दहा हजार डॉलरमधून १९०२ साली चाळीस खाटांचं मेरी टेबर शेल हॉस्पिटल उभं राहिलं. १९०९ साली नर्सिंगची शाळा. इथवर हे सगळं एका मिशनचं, एका घराण्याचं, जवळजवळ एका बाईचं काम होतं.

१९१८: पैसा द्या किंवा माणूस द्या

अडचण हिशेबाची होती. एक डॉक्टरीण रोज कितीही बायका तपासो, शेजारच्या तालुक्यातल्या बाळंतिणी मरायच्या थांबत नाहीत. इथल्याच मुलींना डॉक्टर करायला हवं होतं. त्यासाठी शाळा हवी, शाळेसाठी प्रयोगशाळा, शिक्षक, वसतिगृह. अर्काट मिशनच्या आवाक्यातली ही गोष्ट नव्हती. मात्र दक्षिणेत बॅप्टिस्ट, ल्यूथरन, मेथडिस्ट, स्कॉटिश, अँग्लिकन अशा प्रत्येकाची आपापली जनाना इस्पितळं होती आणि प्रत्येकाची तक्रार तीच: शिकलेली भारतीय डॉक्टरीण मिळत नाही.

प्रत्येकाने आपापली छोटी शाळा काढली असती तर आपल्याकडची ती म्हण खरी झाली असती, एक ना धड भाराभर चिंध्या. तसं झालं नाही, कारण नमुना डोळ्यांसमोर होता. मद्रासला १९१५ साली बारा मिशनांनी मिळून विमेन्स ख्रिश्चन कॉलेज काढलं होतं. तोच कित्ता वेल्लोरने गिरवला. अशा संस्थेला ‘युनियन’ म्हणत आणि तिचा नियम सोपा होता: दरसाल ठरलेली रक्कम द्या किंवा पगारी माणूस द्या, की कौन्सिलवर तुमची खुर्ची. जमीन अर्काट मिशनची, डॉक्टरीण अर्काट मिशनची, तरी कौन्सिलमध्ये परके लोक मत देणार.

या नियमात दोन गोष्टी मला फार शहाणपणाच्या वाटतात. पहिली म्हणजे नुसत्या सदिच्छेला खुर्ची नव्हती. आपल्याकडच्या ‘संयुक्त’ समित्यांवर पंचवीस नावं असतात आणि वर्गणी चौघांची. दुसरी म्हणजे धर्मसिद्धांतांचे वाद दाराबाहेर राहिले. बाप्तिस्मा बुडवून द्यायचा की शिंपडून, तान्ह्याला की जाणत्याला, प्रभुभोजनाला कोण कुणाच्या मेजावर बसू शकतो, यावर ही मिशनं एकमेकांशी सहमत नव्हती आणि व्हायचीही नव्हती. पण हाताची हाडं मोजताना हे प्रश्न निघत नाहीत. पंथांचं प्रत्यक्ष एकीकरण करायला निघालेल्यांना किती वेळ लागला बघा: तरंगंबाडीच्या बैठकीत १९१९ साली बोलणी सुरू झाली आणि चर्च ऑफ साउथ इंडिया (सीएसआय) झालं २७ सप्टेंबर १९४७ रोजी. अठ्ठावीस वर्षं! आपल्या उत्तरेकडच्या सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, तर गोष्टच नको. नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एक झाल्या, आणि एक मोठी मेथडिस्ट मंडळी आयत्या वेळी बाहेर राहिली.

शाळा सुरू होण्याआधीचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. मद्रासचे सर्जन-जनरल कर्नल ब्रायसन यांनी आयडाबाईंना सांगितलं होतं म्हणे, की सहा अर्ज आले तरी काढा शाळा. पहिल्या साली अर्ज आले १५१. गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या हस्ते ऑगस्ट १९१८ मध्ये भाड्याच्या जागेत मुलींची ही मेडिकल स्कूल उघडली. एमबीबीएस नव्हे, एलएमपी म्हणजे परवान्याची पदविका. पहिल्या परीक्षेला मद्रास इलाख्यातले पुरुष विद्यार्थी पाचांत एक या हिशेबाने पास होत होते; वेल्लोरच्या बसलेल्या चौदाही मुली पास झाल्या.

पैसा कसा आला, तेही बघण्याजोगं आहे. अमेरिकेत ल्यूसी पीबॉडी आणि हेलन मॉन्टगोमेरी या दोन बॅप्टिस्ट बायकांनी आशियातल्या सात ख्रिस्ती महिला-कॉलेजांसाठी एकच मोहीम चालवली. जपान, चीन, हिंदुस्थान. वेल्लोर त्यातलं एक. रॉकफेलरांच्या निधीने सांगितलं, तुम्ही वीस लाख डॉलर जमवा, आम्ही दहा लाख घालतो. सात कॉलेजांनी सात झोळ्या फिरवल्या असत्या तर हा सौदा कुणालाच मिळाला नसता. बायकांनी, बहुतेक छोट्या छोट्या देणग्यांतून, १९२३ पर्यंत रक्कम उभी केली. त्यावर गावात मोठं हॉस्पिटल आणि बागायमला दोनशे एकरांच्या माळावर कॉलेजचं आवार उभं राहत गेलं. पीबॉडीबाईंचं नाव लक्षात ठेवा, त्या परत येणार आहेत.

१९३८: खरी परीक्षा

सगळं सुरळीत असताना केलेलं सहकार्य मी फारसं धरत नाही. वेल्लोरची परीक्षा झाली ती शाळा उघडल्यावर वीस वर्षांनी. मद्रासच्या सरकारने धोरण ठरवलं: एलएमपी बंद. डॉक्टर व्हायचं तर विद्यापीठाची पदवीच घ्यायची. धोरण म्हणून ते चुकीचं नव्हतं; पुढे सरकारने आरोग्यव्यवस्थेसाठी नेमलेल्या भोर समितीनेही देशभरासाठी तेच सुचवलं. पण वेल्लोरच्या गळ्याला फास बसला. एमबीबीएससाठी कितीतरी जास्त खाटा हव्या, विषयागणिक उच्च पदवीचे प्राध्यापक हवे, प्रयोगशाळा हव्या. नवे प्रवेश थांबले. आयडाबाई अडुसष्टीला आलेल्या.

नेमक्या याच वेळी दुसरीकडून दुसरी मागणी पुढे होती. मिशन डॉक्टरांची देशव्यापी संघटना १९०५ पासून होती. तिचं नाव पुढे ख्रिश्चन मेडिकल असोसिएशन ऑफ इंडिया झालं. तिला सगळ्या हिंदुस्थानासाठी एक ख्रिस्ती मेडिकल कॉलेज हवं होतं, आणि त्यात मुलगेही हवे होते. मिशन इस्पितळांना पुरुष डॉक्टरही लागत. आपल्या मिरजेलाच बघा ना. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली तिथे हॉस्पिटल काढलं आणि पुढे पुरुषांना वैद्यक शिकवणारी शाळाही चालवली. एलएमपीचा काळ संपला की अशा शाळांचाही संपणार, हे दिसत होतं.

म्हणजे मेजावर दोन योजना होत्या. एक, वेल्लोरला मुलींचं कॉलेज म्हणून पदवीपर्यंत न्यायचं. दोन, असोसिएशनचं नवं अखिल भारतीय कॉलेज. दोघांचे दाते तेच, दोघांचे प्राध्यापक त्याच मिशनांतून यायचे. दोन्ही योजना एकाच वेळी पुऱ्या होणं अशक्य होतं. आमच्या दोन मांडवांना एक नेत्रतज्ज्ञ पुरले नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

तोडगा सुचायला फार अक्कल लागत नव्हती: वेल्लोरलाच अखिल भारतीय करा आणि मुलांना प्रवेश द्या. आयडाबाईंना सुरुवातीला ते रुचलं नाही आणि का रुचावं? तीन बाळंतिणींच्या रात्रीपासून त्यांचं सगळं आयुष्य बायकांसाठी बायकांनी चालवलेल्या कामात गेलं होतं. मुलगे आले की हळूहळू मुलींच्या जागा, प्राध्यापकपदं, शेवटी संचालकाची खुर्चीही त्यांच्याकडे जाणार, ही भीती खोटी म्हणता येत नाही. तरीही त्यांनी होकार दिला. कॉलेज मुलामुलींचं झालं तरी उरेल, मुलींचं राहिलं तर बहुधा बुडेल, हा हिशेब त्यांनी मांडला.

पीबॉडीबाई या बेताच्या कडाडून विरोधात गेल्या. त्यांचं म्हणणं मी एका वाक्यात उडवून लावणार नाही, कारण त्यात तथ्य होतं. पैसा बायकांनी बायकांसाठी दिलेला. चर्चच्या सभांमध्ये ‘पूर्वेकडच्या भगिनींसाठी’ म्हणून जमवलेलं नाणं न नाणं. ते मुलांच्या शिक्षणाकडे वळवणं म्हणजे देणगीदारणींशी विश्वासघात, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. वेल्लोरच्या अमेरिकेतल्या बोर्डात फूट पडली. वीस-पंचवीस वर्षांची मैत्री कडवट पत्रांवर आली.

सहकार्याची किंमत कुणी मोजली हे विचारलं की बहुतेक लेखांत ‘सर्वांनी’ असं उत्तर येतं. इथे ते खरं नाही. असोसिएशनला जवळजवळ काहीच सोडावं लागलं नाही. त्यांना तयार आवार, तयार हॉस्पिटल आणि तयार नाव मिळालं. सोडलं ते आयडाबाईंनी, आणि ज्याला त्यांनी कधी हात लावू दिला नसता तेच सोडलं: कॉलेज कुणासाठी, ही मूळची अट. आणि जी माणसं ती अट धरून बसली ती वाईट नव्हती, हा या प्रकरणातला मला टोचणारा भाग आहे.

होकार देऊन भागलं नाही. सत्तरी ओलांडलेल्या आयडाबाई १९४१ साली, महायुद्ध चालू असताना, अमेरिकेला गेल्या आणि गावोगाव फिरून पैसे मागत राहिल्या. इकडे १९४२ साली मुलींसाठी एमबीबीएसला तात्पुरती मान्यता मिळाली. मुलांची पहिली तुकडी आली १९४७ साली. मद्रास विद्यापीठाची कायमची संलग्नता १९५० साली.

मुलगे आले, मग?

आयडाबाईंच्या भीतीपैकी संचालकपदाची भीती तरी लगेच खरी ठरली नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच संस्थेची सूत्रं पहिल्यांदा भारतीय माणसाकडे आली आणि ती व्यक्ती बाई होती: विशाखापट्टणमच्या डॉ. हिल्डा लाझारस.

आणि दारं उघडल्यावर जे लोक आत आले ते एका मिशनच्या पाटीखाली कधी जमले नसते. कोल्ली डोंगरातल्या ब्रिटिश बॅप्टिस्ट मिशनरी जोडप्याचा मुलगा पॉल ब्रँड १९४६ साली आला आणि कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करून ती पुन्हा कामाची करायला लागला. केरळचे जेकब चांडी यांनी १९४९ साली देशातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग इथे सुरू केला. छातीच्या शस्त्रक्रिया अमेरिकन रीव्ह बेट्स यांनी. जवळच करिगिरीला १९५५ साली कुष्ठरोगाचं संशोधन-रुग्णालय निघालं तेही एकट्या वेल्लोरचं नव्हे. कुष्ठकार्य करणाऱ्या दोन परदेशी मिशनांनी कॉलेजशी हात मिळवला होता. उत्तरेत एडिथ ब्राउन यांनी १८९४ साली लुधियानाला काढलेली मुलींची मेडिकल स्कूलही पुढे याच वाटेने गेली.

कारभाराचं सूत्र मात्र १९१८ चंच राहिलं, फक्त परदेशी मिशनांच्या खुर्च्यांवर हळूहळू भारतीय मंडळ्या बसल्या. सीएसआयचे धर्मप्रांत, केरळची मार थोमा मंडळी, ल्यूथरन, ईशान्येतले बॅप्टिस्ट. आज पन्नासहून अधिक मंडळ्या आणि संस्था. वेल्लोरमध्ये सगळ्यात चलाख मला वाटते ती प्रवेशाची पद्धत. मंडळी एखाद्या मुलाला किंवा मुलीला पुरस्कृत करते, कॉलेज निवडीत त्याचा विचार करतं, आणि पास झाल्यावर त्याने दोन वर्षं गरज असलेल्या इस्पितळात काम करायचं. म्हणजे वेल्लोरला पैसा देणाऱ्याला परत काय मिळतं, तर दुर्गम गावातल्या आपल्या तीस-चाळीस खाटांच्या इस्पितळासाठी एक डॉक्टर. भाषणांपेक्षा हा एक करार पन्नास मंडळ्यांना घट्ट बांधून ठेवतो. ज्या सहकार्यात प्रत्येकाच्या हातात परत काही पडत नाही, ते दोन-तीन डिसेंबर टिकतं.

हाच करार पुढे दुखरा भाग ठरला. देशभर ‘नीट’ आली. वेल्लोरचं म्हणणं, नुसत्या गुणांच्या यादीने प्रवेश दिले तर पुरस्कृत उमेदवार आणि दोन वर्षांची सेवा यांना अर्थ राहत नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात कॉलेजच्या बाजूने निकाल लागला, २०१६ साली तो मागे घेतला गेला. २०१७ साली शंभर जागांपैकी कॉलेजने फक्त एक भरली. एका तुकडीत एक विद्यार्थी! एवढा हट्ट बरोबर होता का, यावर ख्रिस्ती डॉक्टरांतही दोन तट आहेत. मला तो पटत नाही. १९३८ साली सरकारी नियम आला तेव्हा या संस्थेने अट सोडली आणि तगली. २०१७ साली तिने नव्याण्णव जागा मोकळ्या ठेवल्या, आणि त्या वर्षी जे डॉक्टर घडले नाहीत त्यांची वाट बघणारी इस्पितळं पन्नास मंडळ्यांचीच होती. पण हेही कबूल केलं पाहिजे की या वेळी प्रश्न करारालाच हात घालणारा होता, आणि करार गेला तर एवढ्या मंडळ्यांनी एकत्र का राहायचं, याला वेल्लोरकडे सोपं उत्तर नव्हतं. २०२० च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने ‘नीट’वर शिक्कामोर्तब केलं. तोवर कॉलेज ‘नीट’च्या गुणांवर प्रवेश द्यायला लागलंही होतं.

आमच्या गावी

जानेवारीत दोन्ही कमिट्यांची एकत्र बैठक झाली, पहिल्यांदाच. चर्चच्या मागच्या खोलीत, चटईवर. मी वेल्लोरचा नियम मांडला: पैसा द्या किंवा माणूस द्या. वर्गणी अर्धी-अर्धी ठरली, पाच मिनिटांत. शाळेचं पटांगण की मंगल कार्यालय, यावर अर्धा तास. मग फलकावर कुणाचं नाव वर, यावर बैठक अडली. कुणी म्हणालं दोन्ही नावं एका ओळीत घ्या. मग डावीकडे कोण? त्यांच्याकडचे एक वडीलधारे, निवृत्त मास्तर, शेवटपर्यंत काही बोलले नव्हते. उठताना म्हणाले, “फलकावर फक्त ‘मोफत नेत्रतपासणी’ लिहा की. मोतीबिंदूवाल्याला तेवढंही वाचता येत नाही.” सगळे हसले. निर्णय झाला नाही.

पुढची बैठक ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारनंतर आहे. डॉक्टरांना तारीख कळवायचं काम माझ्याकडे दिलंय, आणि या खेपेला त्यांना एकाच कमिटीचा फोन जायचाय.